शनिवारच्या बदल्यात नाताळ

डेल हॉस्किन्सने कोर्टाचा हुकूम आयुष्यात एकदाही मोडला नाही. गावात कुणालाही विचारा. त्याच्या घटस्फोटित बायकोला, रोवेनालासुद्धा हे कबूल करावं लागेल. मुलगी आईजवळ राहील, एक शनिवार-रविवार आड बापाकडे जाईल, शुक्रवारी संध्याकाळी तिला बेकरीसमोर त्याच्या ताब्यात द्यायचं आणि रविवारी तिथूनच परत घ्यायचं, असं लिहिलंय ना? मग पाऊस असो, धुळीचं वादळ असो, डेलची गाडी बेकरीसमोर उभी. पोरीला सणसणून ताप असला तरी तो यायचा. "ताप माझ्या घरीही उतरतो," म्हणायचा. हुकूम मोडून छळणाऱ्याची निदान तक्रार तरी करता येते. हुकूम पाळून छळणाऱ्याचं काय करायचं, हे रोवेनाला अजून कुणी सांगितलं नव्हतं. तिच्या वकिलाने तर खांदे उडवून पुढच्या अशिलाला आत बोलावलं होतं.

त्या हुकुमात एक कलम होतं, की एका पालकाने दुसऱ्याच्या वाट्याच्या वेळात मुलीसाठी परस्पर कसलाही कार्यक्रम ठरवायचा नाही. न्यायाधीशबाईंनी ते चांगल्या मनाने घातलं असणार. पण त्या बसायच्या मेलबर्नला. टूरंबीतला शनिवार त्यांना कुठून माहीत असायला?

टूरंबीत शनिवार म्हणजे फुटबॉल आणि नेटबॉल. बाप्ये फुटबॉल खेळतात, बायापोरी नेटबॉल, एकाच क्लबच्या नावाने आणि शेजारशेजारच्या मैदानांवर. शनिवारी कुणी मेला तर त्यालाही सोमवारपर्यंत थांबावं लागतं, इतकं गाव मैदानावर असतं. टेगन अकरा वर्षांची होती आणि तेरा वर्षांखालच्या संघात गोल टाकायची. ही आईसारखी बुटबैंगण राहणार, असं डेलची आई पाळण्यातल्या पोरीकडे बघून म्हणाली होती. पोरीने तिला खोटं पाडलं. हात लांब, नजर पक्की, आणि चेंडू हातातून सुटला की जाळीत पडणार याची बघणाऱ्यालाच खात्री वाटावी अशी ती खेळायची.

पण खेळायची एक शनिवार आड. बापाच्या शनिवारी ती नदीकाठच्या त्याच्या खोपटात टीव्ही बघत बसायची आणि डेल गळ टाकून बसायचा. डेल एके काळी फुटबॉल संघाचा कप्तान. क्लबच्या भिंतीवरच्या पाटीवर त्याचं नाव सोनेरी अक्षरांत होतं. मुलीला मैदानावर सोडायचं तर त्याला वाट वाकडी करायचीही गरज नव्हती.

"डॅड, वाटेवरच तर आहे," टेगन म्हणायची.

"माझ्याकडे कायमची राहायला ये, दर शनिवारी नेईन," तो हसून म्हणायचा. "अर्ध्या बापाकडे पूर्ण बापाची कामं सांगायची नाहीत, बाळा."

पोरगी हे घरी येऊन जसंच्या तसं सांगायची आणि रोवेना भांडी घासता घासता दात आवळून ऐकायची. बापाविरुद्ध मुलीसमोर अवाक्षर काढायचं नाही, हेही हुकुमातच होतं. तेवढं मात्र तिने पाळलं होतं. फार जड गेलं, पण पाळलं.

त्या वर्षी टेगनचा संघ गुणांत पहिला आला. उपांत्य सामना नेमका बापाच्या शनिवारी होता, तो पोरीवाचूनच जिंकला. त्यानंतर एक शनिवार मोकळा, तो आईचा. आणि त्याच्या पुढच्या शनिवारी फायनल. तो पुन्हा बापाचा.

रविवारी संध्याकाळी बेकरीसमोर रोवेनाने टेगनला गाडीत बसवलं, काच वर करायला सांगितली आणि ती डेलजवळ गेली. डेल बॉनेटला टेकून खिम्याचं पॅटिस खात होता.

"फायनल तुझ्या शनिवारी येतेय," ती म्हणाली.

"कॅलेंडर मलाही वाचता येतं."

"तिला खेळू दे, डेल. तू नुसती मैदानावर आणून सोड. बाकी मी बघते."

"आम्ही नदीवर जाणार आहोत."

"मग तो शनिवार-रविवार मला दे. मी तुला त्याच्या बदल्यात दोन देते. तीन देते."

"तीन शनिवारांचं काय करू? लोणचं घालू?"

"मग काय पाहिजे तुला?"

डेलने अंगठ्याने ओठावरचा सॉस पुसला आणि अंगठा चाटला. घाई कसलीच नव्हती त्याला. "नाताळ," तो म्हणाला. "या वर्षी तुझी पाळी आहे. ती मला दे. पूर्ण सुट्टी."

रोवेनाची आई फिलिपीन्समध्ये इलोइलोला असायची. तिची दोन्ही मूत्रपिंडं गेली होती, आठवड्यातून दोनदा ती यंत्राला जोडून घ्यायची आणि डॉक्टर आता पुढचं काही बोलायचे नाहीत. टेगन तिला लोला म्हणायची, म्हणजे तिकडच्या भाषेत आजी, पण नातीला तिने फक्त फोनच्या पडद्यावर पाहिलं होतं. पोरीला परदेशी न्यायची परवानगी मिळवायला रोवेनाला कोर्टाच्या पायऱ्या झिजवाव्या लागल्या होत्या. डेलने पासपोर्टवर सही करायला वर्ष लावलं होतं. आणि आता तिकिटं हातात होती.

"माझ्या आईचं तुला माहितीये," ती म्हणाली.

"माहितीये की. वाईट वाटतं. तू जा ना, तुला कोण अडवतंय? पोरगी इथे राहील."

"तिला नातीला बघायचंय. मला नाही."

"हे बघ, मी कुठे जबरदस्ती करतोय?" डेलने पॅटिसचा कागद चुरगाळून डब्यात टाकला. "नको असेल तर नको. पोरीला सांग, मम्मी नको म्हणाली."

गाडीत टेगन काचेला नाक लावून दोघांकडे बघत होती. ऐकू येत नसलं तरी कशाचं बोलणं चाललंय ते तिला ठाऊक होतं.

नंतर अख्खा आठवडा पोरीने हट्ट केला नाही, रडली नाही. हट्ट केला असता तर बरं झालं असतं, दोन धपाटे घालून मोकळं होता आलं असतं. ती शाळेतून यायची आणि मागच्या पत्र्याच्या शेडवर चेंडू मारत राहायची. धप, धप, अंधार पडेपर्यंत. शेजारची म्हातारी कुंपणावरून डोकावून म्हणाली, "पोरीला काय झालंय गं?"

रोवेनाला पोरीचं दुखणं बरोबर कळत होतं. ती स्वतः लग्न होऊन या गावात आली तेव्हा क्लबातल्या बायकांनी तिला मोठ्या मनाने सामावून घेतलं, म्हणजे कॅन्टीनमध्ये ब्रेडला लोणी लावायला बसवलं. बारा वर्षं झाली, ती अजून लोणीच लावत होती. त्या बायका गोड बोलायच्या, तिचं नाव चुकीचं उच्चारायच्या आणि तिच्यासमोर तिच्याच नवऱ्याच्या जुन्या खेळाच्या आठवणी काढायच्या. टेगनने जाळीत पहिला गोल टाकला तेव्हा मात्र मैदानाभोवतीच्या सगळ्या गाड्यांनी हॉर्न वाजवले होते. ते हॉर्न तिच्या लेकीसाठी होते. लोण्याची सुरी हातात धरून ती कॅन्टीनच्या खिडकीत उभी होती आणि तिला वाटलं होतं, झालो बाई आपण इथले. त्या एका गोष्टीसाठी ती काहीही द्यायला तयार होती. डेलला हे पक्कं माहीत होतं, म्हणून तर त्याने तेवढाच भाव लावला.

बुधवारी तिने इलोइलोला फोन लावला. आईचा चेहरा पडद्यावर आला, सुजलेला, केस विंचरलेले.

"टेगन कुठाय? केवढी झाली असेल आता! दारातून वाकून यावं लागेल तिला. खोलीला रंग काढून घेतलाय मी. गुलाबी."

"आई, या वर्षी नाही जमत गं," रोवेना म्हणाली. "इकडे काहीतरी... तिच्या बापाचं... पुढच्या वर्षी येतो."

आईने पदराशी चाळा करावा तसा अंगावरच्या टॉवेलशी चाळा केला. मग म्हणाली, "बरं. पुढच्या वर्षी. मी कुठे जातेय?"

फोन ठेवून रोवेना न्हाणीघरात गेली, नळ सोडला आणि पोटभर रडली. मग तोंड धुऊन तिने फोन उघडला. दोघांनी एकमेकांशी बोलायचं ते कोर्टाने सांगितलेल्या अ‍ॅपवरच, म्हणजे नंतर कुणाला नाकारता येऊ नये. तिने लिहिलं: फायनलचा शनिवार-रविवार टेगन माझ्याकडे राहील, बदल्यात नाताळची पूर्ण सुट्टी डेलकडे. दोघांनी लेखी कबूल केलं तर दिवस बदलता येतात, अशी सोय हुकुमातच होती. तिने बटण दाबलं आणि फोन ओट्यावर ठेवेपर्यंत उत्तर आलंसुद्धा: मान्य.

"तू खेळणार आहेस," तिने मागच्या दारातून ओरडून सांगितलं.

चेंडूचा आवाज थांबला. टेगन धावत आली आणि आईच्या अंगावर अशी आदळली की दोघी दाराच्या जाळीवर पडल्या. "खरंच? डॅड हो म्हणाला? नुसता असाच?"

"नुसता असाच," रोवेना म्हणाली. नाताळचं नंतर सांगू, असं तिने ठरवलं. फायनल तरी पोरीची आनंदात होऊ दे.

फायनलच्या सकाळी तिने टेगनच्या केसांची घट्ट वेणी घातली आणि क्लबच्या रंगाच्या, लाल-पिवळ्या रिबिनी गुंफल्या. मैदानावर गाड्यांची रांग लागली होती. आणि रांगेत अगदी पुढे, फुटबॉलच्या गोलासमोरच्या सगळ्यात चांगल्या जागेवर, डेलची गाडी होती. नदीवर जाणारा डेल खुर्ची टाकून, मित्रांच्या घोळक्यात, सकाळीच बिअर उघडून बसला होता. फुटबॉलचीही फायनल त्याच दिवशी तिथेच होती. जुना कप्तान ती सोडून नदीवर जाईल, हे रोवेनाने कसं खरं मानलं कोण जाणे. तिला कसंसंच झालं. पण टेगन मैत्रिणींकडे धावत सुटली होती, म्हणून तिने ते मनातून झटकलं.

ते पुरतं झटकून होतंय न होतंय तोच संघाची प्रशिक्षक कर्स्टी समोरून आली. तिच्या कडेवर लहान पोर आणि चेहरा पांढरा पडलेला.

"रोवेना, जरा इकडे ये. अगं, घोळ झालाय."

"कसला?"

"टेगनला खेळवता येत नाहीये. लीगच्या बाईंनी नाव खोडलं. हंगामातले निम्मे सामने खेळलेले असतील तरच फायनलला उतरता येतं. बाहेरून कुणी चांगली पोर आयत्या वेळी आणू नये म्हणून आहे तो नियम. मी म्हटलं, एक आड एक म्हणजे निम्मे होतातच. मी मोजलंच नाही गं. एक कमी पडतोय."

"एक?"

"मे महिन्यात तुम्ही बाप्तिस्म्याला गेला होतात ना, तो."

गेल्या होत्या. रोवेनाच्या मैत्रिणीच्या बाळाचा बाप्तिस्मा होता, तिकडे बेंडिगोला. रोवेनाच्याच शनिवारी. पोरगी नको म्हणत होती आणि रोवेना म्हणाली होती, एका सामन्याने काय आभाळ कोसळतंय.

"कुणाला तरी सांग ना, कर्स्टी. विनंती कर."

"करता आली असती. फायनलच्या फेऱ्या सुरू व्हायच्या आधी अर्ज दिला असता तर कोर्टकचेरीवाल्या मुलांना सूट देतात. आता त्या ऐकत नाहीत. मला खरंच वाईट वाटतंय गं." कर्स्टीच्या कडेवरचं पोर रडायला लागलं आणि ती त्याला थोपटत निघून गेली. तिला संघ उतरवायचा होता.

रोवेना सरळ डेलच्या गाडीकडे चालत गेली. मित्रांनी तिला येताना पाहिलं आणि ते खायला आणायच्या निमित्ताने सटकले.

"तुला माहीत होतं," ती म्हणाली.

"काय?"

"निम्मे सामने लागतात ते."

"क्लबात शेंबड्या पोरालाही माहीत असतं ते."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"तू विचारलंस कुठे?" डेलने डोळ्यांवरची टोपी मागे सारली. आवाज अगदी शांत. "तू माझ्याकडे शनिवार मागितलास. शनिवार दिला. पोरगी तुझ्याजवळ आहे की नाही? मग झालं तर."

"माझा नाताळ परत दे."

"लेखी आहे, रोवेना."

"तिचे सगळे सामने तुझ्यामुळे बुडाले!"

"माझे बुडणारच होते, ते धरूनच चाल. तुझ्या वाट्याचे सगळे झाले असते तरी पोरगी आज मैदानात असती. तुझा एक तू बुडवलास. मला कशाला ओरडतेस?"

ते खरं होतं. म्हणूनच तिच्या डोक्यात तिडीक गेली. त्याच वेळी पाठीमागून आवाज आला.

"मम्मी, नाताळचं काय?"

टेगन उभी होती. अंगावर क्लबचा झगा, वेणीत रिबिनी. कर्स्टीने तिला सांगितलं होतं हे तिच्या चेहऱ्यावर दिसतच होतं. रोवेनाने तिला जवळ घ्यायला हवं होतं. कोणत्याही आईने घेतलं असतं, आणि एरवी तिनेही घेतलं असतं. पण इतकी वर्षं दाताखाली दाबलेलं सगळं एकदम वर आलं आणि बाहेर पडताना समोर डेल नव्हता, पोर होती.

"आपण लोलाकडे जाणार नाही. नाताळ मी तुझ्या बापाला देऊन टाकला. तुझ्या ह्या चेंडूसाठी! माझी आई तिकडे मरतेय, तिने तुझ्यासाठी खोली रंगवलीय, आणि तू तिला कधीही बघणार नाहीस. कळलं? तुझ्या खेळापायी. आणि आता तो खेळही नाही."

टेगन रडली नाही. "मी नव्हतं सांगितलं तुला द्यायला," ती म्हणाली. "मला विचारलंही नाहीस. आणि त्या बाप्तिस्म्याला मी नको म्हणत होते." मग ती आईला वळसा घालून गाडीच्या दुसऱ्या बाजूला गेली आणि दाराच्या मुठीला हात घातला. "डॅड, मी तुझ्याकडे येते. कायमची. आत्तापासून."

डेल खुर्चीतून उठला. "हात काढ दारावरून, बाळा."

"तूच म्हणतोस ना, कायमची ये म्हणून? दर शनिवारी नेईन म्हणून?"

"कोर्टाने म्हटलं तर. उद्या-परवा तुला विचारतील तेव्हा त्यांना सांग सगळं, आत्ता मम्मी काय बोलली तेही सांग. पण हा शनिवार मम्मीचा आहे. लेखी आहे." त्याने मैदानाकडे पाहिलं. फुटबॉलवाले रांगेने मैदानात उतरत होते. "आणि मला आज जमायचं नाही. सामन्यानंतर पोरांबरोबर क्लबात बसायचंय. जा, मम्मीकडे जा."

टेगनने मूठ सोडली नाही. तेव्हा त्याने खिशातून किल्ली काढून बटण दाबलं आणि तिच्या हाताखालीच दार कुलूप झालं.

रोवेनाने हे सगळं पाहिलं. आणि तिला आनंद झाला. लपवण्यात अर्थ नाही, झाला. ज्या बापाच्या नावाने पोरगी दर पंधरा दिवसांनी तिला टोचून बोलायची, त्या बापाने चारचौघांत पोरीला हाकललं होतं, आणि रोवेनाच्या छातीवरून कुणीतरी धोंडा उचलल्यासारखं झालं. बघ, तिला म्हणावंसं वाटलं, बघ तुझा डॅड. म्हणाली नाही. पण तोंडावर हसू आलं होतं ते तिला कळलंच नाही, आणि टेगन वळली ती नेमकी त्या हसण्यासमोर.

पोरीने ते पाहिलं. मग वेणीतल्या रिबिनी ओढून काढत ती नेटबॉलच्या मैदानाकडे चालू लागली. रोवेना मागून धावली, हाका मारल्या, "टेगन, बाळा, ऐक," पण पोरीचे पाय लांब होते. सामना सुरू झाला होता. कुणाच्या तरी गोलाला गाड्यांचे हॉर्न वाजत होते. टेगन कडेच्या बाकावर कर्स्टीशेजारी बसली आणि कर्स्टीचं पोर तिने स्वतःच्या मांडीवर घेतलं.

रोवेना बाकामागे पोचली तेव्हा टेगन विचारत होती, "आज रात्री मी तुमच्या घरी राहिले तर चालेल? मी सोफ्यावरसुद्धा झोपीन."

कर्स्टीने दचकून मागे रोवेनाकडे पाहिलं. "अगं, तुझ्या मम्मीला विचारायला हवं."

"नको," टेगन म्हणाली. "तिला नका विचारू. त्यालाही नका विचारू."